मी खोडलेली ओळ

यशवंत गेल्याचा फोन आला तेव्हा मी चोरून फणसपोळी खात होते. साखर वाढली म्हणून सूनबाईने डबा वरच्या फळीवर ठेवला होता आणि पंचाहत्तरी उलटलेली मी स्टुलावर चढून तो काढला होता. फोनवर यशवंतची बायको, शालिनीवहिनी, एवढंच म्हणाल्या, "सुमनताई, हे गेले हो... सकाळी पेपर वाचता वाचता." तोंडात पोळी, कानाला फोन, पायाखाली डुगडुगतं स्टूल. खरं सांगते, मी आधी घास गिळला आणि मग रडले. यशवंत असता तर म्हणाला असता, हा क्रम बरोबर लिहिलास, आता बदलू नको. त्याला क्रमाचं फार होतं. आधी काय झालं, मग काय झालं, आणि आपल्याला काय वाटलं ते सगळ्यात शेवटी, जागा उरली तर.

त्याला जाऊन आता दीड महिना झाला. चाळीसेक वर्षं महाड-पोलादपूर भागाच्या बातम्या त्याने दिल्या, आधी पोस्टाने, मग फॅक्सने, मग त्या बोटभर मोबाइलवरून. त्याच्यावर बरेच जण लिहितील आणि चांगलं लिहितील. मला जे लिहायचंय ते दुसरं कुणी लिहिणार नाही, कारण ते माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही... निदान परवापर्यंत माझी तशी समजूत होती.

आम्ही महाडला कॉलेजात एका वर्गात. माझ्या दोन वेण्या होत्या आणि आपण कवयित्री असल्याची पक्की खात्री होती. यशवंत हस्तलिखित अंक काढायचा. त्यात द्यायला मी सावित्री नदीवर कविता केली. नदी त्यात रजतवसना होती, मंदगामिनी होती, आणखीही काय काय होती. यशवंतने ती दोनदा वाचली आणि विचारलं, "काय गो सुमन, रविवारी तू घाटावर गोधड्या धुवायला आलेलीस ना? पाणी कितव्या पायरीवर होतं?"

"मला काय माहीत! मी काय पायऱ्या मोजायला गेले होते?"

"मग तुझ्यापेक्षा तुझ्या गोधडीला नदी जास्त माहीत," तो म्हणाला आणि कविता परत दिली. मी पंधरा दिवस बोलले नाही. पुढे शहाणी झाले असं वाटत असेल तर तसं नाही. पुढे मी मराठीची शिक्षिका झाले. तीस वर्षं मी मुलांना 'पाऊस पडला' असं लिहू दिलं नाही. 'वरुणराजाचे आगमन झाले' असं लिहिणाऱ्यांना वर्गापुढे उभं करून बाकीच्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. लाल शाईच्या पेनाला मी जितकं जपलं तितकं नवऱ्याच्या पथ्यालाही जपलं नसेल.

मी निवृत्त झाले त्याच सुमारास यशवंतने पोलादपूरकडच्या एका शाळेत शनिवारचं काम सुरू केलं. सकाळची शाळा सुटली की आठवी-नववीची मुलं थांबायची आणि एखादा पत्रकार त्यांच्याशी गप्पा मारायचा. विषय एकच, हवामान बदलतंय ते लिहायचं कसं. मी विचारलं, हे पोरांना कशाला? तर म्हणाला, "पुढाऱ्यांशी बोलून कंटाळलो. इथं अजून पन्नास-साठ पावसाळे ज्यांना काढायचेत त्यांच्याशी बोलतो." मला त्याने मदतीला घेतलं ते मुलांच्या कागदांवरचे ऱ्हस्व-दीर्घ बघायला. मी आनंदाने गेले. निवृत्तीमुळे लाल पेन उपाशी होतं.

पहिल्यांदा मुंबईहून एक पत्रकार मुलगी आली होती, हुशार, गोड. तिने भिंतीवर चित्रं दाखवली, बर्फ वितळतोय, त्यावर पांढरं अस्वल उभं आहे. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "ताई, ह्ये अस्वल भात खातं का?" हशा झाला. मी डोळे वटारले, पण यशवंत पुढे झाला आणि म्हणाला, "बरोबर विचारलंस. अस्वल ऱ्हाऊ दे. तुझ्या घरच्या भाताचं सांग. औंदा राब कधी भाजला?"

"भाजलाच नाय. आधीच भिजला. आईस नुसती धूर खात बसलेली."

"राब म्हणजे?" मुंबईच्या मुलीने विचारलं, आणि सगळा वर्ग असा चमकला की जणू तिने भात म्हणजे काय विचारलं. तेव्हा एक काटकुळी मुलगी उभी राहिली. पाला, तोडलेल्या फांद्यांची कवळं, शेण पसरून जमीन उन्हाळ्यात कशी भाजतात, त्या राखेत भाताचं बी कसं टाकतात, आणि भर उन्हात अवेळी पाऊस आला की सगळा राब ओला होऊन बी कसं रखडतं, हे तिने न अडखळता सांगितलं. मुंबईची मुलगी खाली सतरंजीवर मांडी घालून लिहून घेत होती. ती काटकुळी मुलगी म्हणजे रेश्मा. डोंगरातल्या वरच्या वाडीतून तासभर उतरून ती शाळेत यायची.

यशवंतने मुलांना एक रीत घालून दिली होती. कागद तीन उभ्या भागांत दुमडायचा. पहिल्या भागात स्वतः पाहिलेलं, दुसऱ्यात दुसऱ्याने सांगितलेलं, त्याच्या नावासकट, आणि तिसऱ्यात आपल्याला वाटलेलं. तिसरा भाग सगळ्यात अरुंद. अशा कागदांतून निवडून महाडच्या एका साप्ताहिकात तो महिन्याला एक पान छापून आणायचा. ते पान तालुक्याच्या कचेरीत, ग्रामपंचायतीत, वनखात्याच्या चौकीवर तो स्वतः नेऊन द्यायचा, हातात, आणि समोरच्याने वाचेपर्यंत उभा राहायचा.

एका मे महिन्यात वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि तो आठवडाभर पुण्याला गेला. जाताना, सुट्टी लागण्याआधी लिहून घेतलेले मुलांचे कागद माझ्याकडे दिले. "सुमन, नुसते ऱ्हस्व-दीर्घ बघ आणि प्रेसला पाठव. मजकुराला हात लावू नको. शपथ हाय तुला."

त्यात रेश्माचा कागद होता. तो मला आजही तोंडपाठ आहे. पहिल्या भागात तिने लिहिलं होतं: "आमच्या घरांच्या वरती उंबराजवळ जमीन फाटली आहे. मी भेगेत हात घातला. कोपरापर्यंत गेला." दुसऱ्यात: "आजी सांगते ही भेग गेल्या वर्षी नव्हती. आजी सांगते पाऊस आधी चार महिने पुरवून पडायचा, आता चार महिन्यांचा एका दिवसात पडतो आणि पाणी जमिनीत घुसतं." तिसऱ्यात एकच ओळ: "मला वाटतं कोणीतरी येऊन बघावं."

मी काय केलं? मला तो कागद कोरडा वाटला. इतकी हुशार पोर आणि भाषेला काही नटणं-मुरडणं नाही! 'कोपरापर्यंत गेला' ही ओळ मी लाल शाईने खोडली आणि बाजूला लिहिलं, 'अतिशयोक्ती टाळावी.' आणि टाळून काय घातलं? "वसुंधरेचे हृदय विदीर्ण झाले आहे! मानवाच्या कृतघ्नतेने व्याकूळ झालेली ही धरणीमाता जणू मूक आक्रोश करीत आहे!" उंबर गेला, आजी गेली, घरं गेली. शेवटी 'चला, झाडे लावू या' एवढंही मी पदरचं जोडलं. मग तो मजकूर स्वच्छ अक्षरात उतरवून प्रेसला पाठवला, आणि स्वतःवर खूश होऊन दुपारची झोपले.

पान छापून आलं. कचेऱ्यांत गेलं. ज्यांनी वाचलं त्यांनी मुलीची भाषा किती छान आहे असं म्हटलं असणार. यशवंत परत आल्यावर त्याने पान बघितलं आणि मला विचारलं, "हे पोरीचं?"

"तिचंच. मी थोडं सजवलं."

"मूळ कागद दे."

मी म्हटलं, शोधते. चार दिवसांनी त्याने पुन्हा मागितला, मी पुन्हा म्हटलं, शोधते. कागद माझ्या गादीखाली होता. द्यायला काही अडचण नव्हती. अडचण एवढीच की मला वाटलं, आता हा पुन्हा गोधडीचा टोमणा मारणार. साठीतली बाई विसाव्या वर्षीची खुन्नस धरून बसली होती... जूनचा पहिला पंधरवडा असाच गेला.

मग एका दिवशी सकाळपासून पाऊस असा लागला की समोरचं घर दिसेना. शाळा सोडून दिल्या. दुपारच्या जेवणवेळेला वरच्या वाडीचा डोंगर उंबरासकट खाली आला. आवाज ऐकून माणसं घराबाहेर पळाली म्हणून वाचली. तीन घरं गेली, दोन गोठे गेले. रेश्माची आजी बाहेर आली होती. म्हशीचं दावं सोडायला ती मागे वळली.

मी गादीखालचा कागद काढून यशवंतला नेऊन दिला. त्याने तो उभ्याने वाचला. लाल रेघ बघितली, माझा शेरा बघितला, कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. मला बोल लावले असते तर बरं झालं असतं.

आजीचे दिवस झाल्यावर रेश्माचे वडील, गणपतराव, यशवंतच्या घरी आले. मी तिथेच चहा घेत होते. त्यांच्या हातात छापलेलं पान होतं, चुरगाळून पुन्हा सरळ केलेलं. "यशवंतभाऊ," ते म्हणाले, "ह्ये माझ्या पोरीनं लिवलेलं नाय. माझ्या आईनं तिला हाताला धरून भेग दाखवलेली. पोरीनं तीच लिवली. मंग ह्याच्यात भेग कुठं हाय? मला वाचता येत नाय असं समजू नका. मी चारदा वाचलं."

यशवंतने माझ्याकडे एकदाच बघितलं. जेमतेम क्षणभर. मग गणपतरावांना म्हणाला, "पान माझं. फिरवलं ते मी."

आणि मी? माझं बिस्कीट तुटून कपात पडलं होतं, ते मी चमच्याने काढत होते. इतकं मन लावून मी आयुष्यात दुसरं काम केलेलं नाही. गणपतराव निघून गेले तरी मी काढतच होते. मग यशवंत म्हणाला, "ते तुझ्या तोंडून यायला हवं, सुमन. मी सांगणार नाही, आणि घाईही करणार नाही." पुढच्या अंकात त्याने चौकट छापली. रेश्माचं मूळ वाक्य, शब्दन् शब्द, आणि खाली, 'हा बदल माझ्या हातून झाला,' सही यशवंत. उभ्या आयुष्यात त्याने एकच खोटी बातमी दिली, ती माझ्यासाठी.

भेगेचं वाचून कुणी वर गेलं असतं का? मला माहीत नाही. कदाचित कुणीच गेलं नसतं. पण जायला काही कारण होतं, ते मी खोडलं.

वाडीतल्या मुलांनी शनिवारी येणं बंद केलं. साप्ताहिकानेही ते पान गुंडाळलं. यशवंत मात्र पोलादपूरच्या गाडीत बसून दर शनिवारी जात राहिला. कधी तीन मुलं असायची, कधी दोन. मीही जायचे, लाल पेन घरी ठेवून, मागे बसायला. मी सांगणारच होते. आधी म्हटलं, गणपती होऊन जाऊ देत. मग म्हटलं, वाडीचं खाली नव्या जागी बस्तान बसू दे. मग माझ्या मुलाचं लग्न निघालं, त्यात कशाला? मग यशवंतची बायपास झाली, त्याला आत्ता त्रास नको. बघा, किती काळजी होती मला त्याची! मुलं हळूहळू परत आली, वाडीतलीही आली. त्यामुळे मला वाटायला लागलं, मिटलं असेल. मिटलं नव्हतं. लोक यशवंतशी बरे वागत, त्याला बोलावत, पण वाडीत त्याचा चहा ओसरीवर यायचा. आत या असं कुणी म्हणायचं नाही. मी त्याच्याबरोबर दोनदा गेले होते. मला आत बोलावलं. मी गेले.

महाडला त्याची शोकसभा झाली. मी व्यासपीठावर होते, वयामुळे. गणपतराव मागून उठून पुढे आले, म्हातारे झालेत आता. म्हणाले, "मानूस चांगला व्हता. त्याच्या हातनं एक चूक झाली. माझ्या पोरीचं लिवलेलं त्यानं फिरवलं, आमचं मानूस गेलं. पन गेलेल्यावर राग धरू नये. आम्ही माफ केलं." लोकांनी माना हलवल्या. काहींनी डोळे पुसले. त्यानंतर माझं भाषण होतं. माईक हातात होता, सभा शांत होती, याहून चांगली संधी देवानेही दिली नसती... मी दहा मिनिटं यशवंतच्या अक्षराबद्दल बोलले. त्याला दीपस्तंभ म्हटलं. घरी येऊन जेवले नाही, पण ते कुणी बघितलं नाही म्हणून त्याचा काही उपयोगही नाही.

आठवड्याने वहिनींनी बोलावलं. कपाट आवरताना एक फाइल निघाली होती, वर माझं नाव. आत तो एकच कागद, तीन भागांत दुमडलेला. माझी लाल रेघ तेवढीच लाल. यशवंतने त्यावर काहीही लिहिलेलं नव्हतं, टीप नाही, तारीख नाही. एवढा लिहिणारा माणूस, आणि इथे कोरा राहिला. "तुम्हालाच द्यायचा असणार," वहिनी म्हणाल्या. त्या मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांनी त्यांनी तो वाचला होता की नाही, मी विचारलं नाही.

रेश्मा आता महाडला असते. मुंबईत एका वाहिनीत चार वर्षं काढून परत आली, इकडच्या बातम्या देते आणि यशवंत थकल्यापासून शनिवारचा वर्गही तीच घेते. मी कागद घेऊन तिच्या खोलीवर गेले. टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "हे यशवंतने नाही फिरवलं. मी."

तिने कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "बाई, 'विदीर्ण' म्हणणारं सबंध तालुक्यात दुसरं हाय कोण?"

"म्हणजे तुला..."

"छापून आलं त्याच दिवशी कळलं. आजीला वाचून दाखवलेलं. तिनं विचारलं, ह्यात आपली भेग कुठं हाय? मी म्हटलं, बाईंनी शुद्ध केली."

"मग वडिलांना का नाही सांगितलंस?"

"यशवंतकाकांकडे गेलेले भांडायला. ते म्हणाले, तिला सांगू दे. मी वाट बघत बसले. तुम्ही दीपस्तंभावर गेलात." ती हसली, पण हसू चेहऱ्यावर फार थांबलं नाही. "मला सांगून काय करू? बाबांना सांगा."

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन वाडीत गेली. गणपतराव ओसरीवर सूप दुरुस्त करत बसले होते. "या बाई, आत या," म्हणाले. मी म्हटलं, "नको, इथेच बसते," आणि सगळं सांगितलं, गादीखालच्या पंधरा दिवसांसकट. ते सुपाची वीण बघत राहिले. मला वाटलं शिव्या देतील, मी त्या घेऊन जायची तयारी ठेवली होती. मग सूप बाजूला ठेवून म्हणाले, "त्या मानसाला मी भर सभेत माफ केलं, बाई. आता त्याची माफी मी कुनाकडं मागू?"

म्हणून ज्या पुरवणीत तुम्ही हे वाचताय तिला मी हा लेख पाठवतेय. यशवंतने रेश्माचं लिखाण फिरवलं नाही. त्याच्या मागे, त्याने बजावलेलं असताना, मी फिरवलं. माफी द्यायचीच असेल तर ती त्याच्या नावावरून काढून घ्यावी. माझ्या नावावर घालावी की नाही, ते वाडीने ठरवावं.

परत येताना रेश्मा म्हणाली, "आणि शनिवारी वर्गात या. पोरांना सांगा." मी म्हटलं, "गुडघे दुखतात गो." तिने ऐकलं नाही.

शनिवारी वर्गात वीसेक मुलं होती. मी सांगितलं. मुलं यशवंतने घडवलेली, त्यामुळे कुणी 'अरेरे' म्हटलं नाही. प्रश्न आले. कागद नेमका किती दिवस गादीखाली होता? फिरवलेला मजकूर प्रेसला कुणी नेला? तुम्हाला सांगू नका असं कुणी म्हणालेलं का? "नाही," मी म्हटलं, "उलट सांग म्हणाला होता."

पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "आजी, मंग तुम्ही का नाय सांगितलंत?"

"लाज वाटली."

"तेव्हा की आत्ता?"

"तेव्हा लाज वाटेल म्हणून सांगितलं नाही. आत्ता नाही सांगितलं म्हणून वाटते."

ती लिहायला लागली. मग मान वर करून म्हणाली, "नाव घालू तुमचं?"

"घाल."

मुलं लिहीत असली की यशवंत कुणाच्या वहीत डोकावायचा नाही. खिडकीशी जाऊन वर्गाकडे पाठ करून उभा राहायचा, शेवटचं पोर पेन खाली ठेवेपर्यंत. मला ते नेहमी तुसडेपणाचं वाटायचं. मुलांमधून फिरावं, चुका दाखवाव्यात, असं माझं मत. त्या मुलीने पहिली ओळ पुरी केली. तिच्या लिहिण्यात कुठे दीर्घ चुकलाय ते मला तिरक्या नजरेने दिसत होतं, हात शिवशिवत होता. मी उठले, खिडकीशी गेले आणि पाठ करून उभी राहिले. खालच्या रस्त्याने घाटाकडे गाडी चढत होती. मागे पेनं चालू होती.